बारावा पंचम

“बेसूर आहे की नाही, एवढंच सांगा मास्तर. मी लगेच निघतो.”

“निघायला एसटी लागते. ती साडेपाचला आहे.”

“मग तोवर सांगा.”

शांतवनमास्तर कसब्यांनी मान वर केली नाही. ते चाकूनं कावळ्याचं पीस तासत होते.

पाचगणीत, सिल्व्हर ओकच्या झाडांखाली, त्यांची दोन खोल्यांची जागा. चाळीस वर्षं त्यांनी तिथल्या बोर्डिंग शाळांचे पियानो लावले. निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात, नाहीतर चर्चच्या कमिटीवर जाऊन भांडतात. मास्तरांनी फणसाच्या लाकडाची हार्पसिकॉर्ड केली.

हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोचा पणजोबा. पट्टी दाबली की आत हातोडी पडत नाही, पिसाचं बारीक टोक तार छेडतं. मास्तर तिला नुसतं पेटी म्हणत. पिसं गावातले कावळे पुरवत.

समोर उभा होता तो पुण्याचा अभिराम केळुसकर. वय अडतीस, हातात चांदीचा फ्लूट. त्याचा कान पक्का आहे असं सगळे म्हणत, आणि हे त्याला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

“बसून विचार,” मास्तर म्हणाले.

तो बसला नाही. त्यानं खिशातून वही काढली.

“ताईच्या पेटीची एकेक पट्टी मी सूर मोजायचं मशीन लावून तपासली. एकीवरही हिरवा दिवा लागला नाही. काही वर, काही खाली. ही काळी दोन बघा. ही काळी चार. लाल शाईनं खुणा केल्यात.”

मास्तरांनी वही डोळ्यांजवळ नेली.

“अक्षर सुंदर आहे.”

“मास्तर!”

“खरंच सुंदर आहे.”

ताई म्हणजे वृंदा, अभिरामपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. पाचगणीच्या शाळेत असताना ती मास्तरांकडे पियानो शिकली. पुढे मास्तरांनी दुसरी पेटी केली ती तिच्यासाठी, आणि ती कशी लावायची हेही तिला शिकवलं.

अभिरामच्या हातात पहिली बासरी दिली ती वृंदानंच. गेली पंधरा वर्षं भाऊबहीण मिळून एकाच जातीचं संगीत वाजवत आले होते. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या दिवाणखान्यांत, एक फ्लूट आणि एक पेटी यांच्यासाठी लिहिलेले सोनाटे. ऐकायला वीस माणसं, वाजवायला दोन.

तीन आठवड्यांपूर्वी वृंदानं पेटीचं झाकण लावलं. ते अजून उघडलं नव्हतं.

“कुठे वाजवत होतात?” मास्तरांनी विचारलं.

“एका ओळखीच्यांच्या घरी. पंचवीसेक माणसं होती. संथ भाग चालू होता. त्यात एका ठिकाणी मी थांबतो, ताई एकटी वाजवते.”

“मग?”

“मग... तिची पेटी इतकी कडवट लागली की मला राहवलं नाही. मी म्हटलं, ताई, आधी लावून घे, मग वाजवू.”

“मोठ्यानं?”

“...सगळ्यांना ऐकू गेलं.”

“लोक हसले?”

“थोडे.”

मास्तरांनी पिसाचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं. अजून जाड होतं. ते पुन्हा तासू लागले.

“खोटं नव्हतो बोललो मी,” अभिराम म्हणाला. “ताईलाही तेच म्हटलं. तर ती म्हणाली, मास्तरांना विचार. मास्तर बेसूर म्हणाले, तर मी पेटी विकून टाकीन. पुन्हा वाजवणार नाही.”

“आणि सुरात आहे म्हणालो तर?”

“तर मी तिची माफी मागायची. त्याच पंचवीस जणांपुढे.”

“यातलं तुला काय हवंय?”

अभिरामनं वही परत घेऊन मिटली. त्याला दोन्ही नको होतं.

“येत्या रविवारी कार्यक्रम आहे,” तो शेवटी म्हणाला. “मुंबईहून एकाला बोलावलं. त्याची विजेची पेटी, सगळे सूर हिरव्या दिव्यावर. दोन तालमी केल्या...”

“चांगल्या झाल्या?”

“चूक एकही नव्हती. पण त्या संथ भागात, मी थांबून पुन्हा येतो ना, तो माझा सूर आहे. त्या सुराला लोक हमखास दाद देतात. ‘आहा’ म्हणतात. कुठेही वाजवा. या वेळी माझी बायकोही ऐकत होती, तिनं फोन बघितला.”

मास्तरांनी पहिल्यांदाच चाकू खाली ठेवला.

“तुझा कान कसा आहे रे?”

“पक्का आहे.”

“मशीनशिवाय?”

“मशीन मी इतरांना पटवायला वापरतो.”

मास्तर हसले. त्यांनी खुंट्या पिळायची किल्ली त्याच्या हातात दिली.

“मग माझी पेटी लावून दे. मधल्या सप्तकातली बारा घरं पुरेत. अगदी शुद्ध लाव. कुणाची भीड धरू नकोस.”

“मी खुंट्या कधी पिळल्या नाहीत.”

“वृंदानंही नव्हत्या पिळल्या. कुठून सुरू करतोस?”

“सोनाटा पांढरी दोनमधला आहे. तिथूनच.”

“मग तो सा धर. त्याचा पंचम शुद्ध लाव. मग त्या पंचमालाच सा समज, त्याचा पंचम लाव. फार वर गेलास की सप्तकभर खाली ये. असा घरोघर जा. बारा घरं झाली की परत स्वतःच्या दारात.”

अभिरामनं फ्लूट टेबलावर ठेवला आणि कामाला लागला.

पहिली तार लावायला त्याला दहा मिनिटं लागली, दुसरीला पाच. दोन तारांमधली थरथर हळू होत जायची, आणखी हळू, मग थांबायची. मग दोन सूर एकच होऊन उभे राहायचे. त्याला मजा वाटू लागली. बेसूर निघालं की आधी खुंटीला रागावणं, हे वादकांचं ठरलेलं. दोन-तीनदा तो रागावला. पण हार मानली नाही.

अकरा पंचम झाले. अकराही लखलखीत.

“बघा,” तो म्हणाला. खुशीत होता.

“बारावा?”

“तो लावायचा नाहीच. पांढरी पाच लागली आहे, पांढरी दोन तर आपण धरूनच निघालो होतो. आता नुसतं वाजवून बघायचं.”

“वाजव की मग.”

अभिरामनं पांढरी पाच आणि पांढरी दोन एकदम दाबल्या.

पेटी विव्हळली.

त्यानं हात काढला. पुन्हा दाबल्या. पुन्हा तसंच... पत्र्यावर नखं ओढल्यासारखं.

“काहीतरी सुटलं माझ्याकडून.”

“असेल.”

“मध्ये कुठेतरी चुकलो.”

“तपासून बघ.”

त्यानं एकेक पंचम तपासला. अकराही जागच्या जागी होते. मास्तर आत जाऊन चहा टाकून आले.

“मी पुन्हा लावतो,” अभिराम म्हणाला. “या वेळी पांढरी एकपासून.”

“लाव. साडेपाचला पुष्कळ वेळ आहे.”

या खेपेला हात बसला होता. तासाभरात अकरा पंचम झाले, आधीपेक्षाही शुद्ध. पांढरी पाच आणि पांढरी दोन आता एकमेकींत विरघळत होत्या. त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि शेवटची जोडी दाबली, पांढरी चार आणि पांढरी एक.

विव्हळणं तिथे जाऊन बसलं होतं.

अभिराम पेटीकडे पाहत राहिला. चहावर साय धरली होती.

सकाळपासून तो रागावलेला होता. आता राग कुठे गेला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याचा चेहरा नवं कोडं घातलेल्या मुलासारखा झाला होता.

“मास्तर, चूक कुठे झाली?”

“कुठेच नाही.”

“अकरा पंचम शुद्ध आहेत.”

“आहेत. मी ऐकले.”

“मग बारावा का विव्हळतो?”

“अकरा शुद्ध आहेत म्हणून.”

“म्हणजे हे नेहमीच होतं?”

“नेहमी.”

“तुम्ही लावलंत तरी?”

“मी लावलं तरी. ज्यानं पहिली पेटी केली त्यानं लावलं तरी. शुद्ध पंचमांच्या वाटेनं निघालास की बारा घरं फिरून तू स्वतःच्या दारात येतच नाहीस. वीतभर पुढे येतोस. ते वीतभर दर वेळी उरतं.”

“तंबोऱ्यात कुठे उरतं?”

“तंबोऱ्याला सा एकच. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघून बसतात. इथे बाराही घरांत कुणी ना कुणी सा व्हायला टपलेलं. एकत्र कुटुंब आहे रे हे. सगळ्यांचं सगळं शुद्ध कसं राहील?”

अभिराम हसला. मग हसता हसता थांबला.

“मशीन ते कुठे ठेवतं?”

“सगळ्यांच्या ताटात चिमूटचिमूट. कुणाचीच तक्रार नाही. कुणालाच गोडही लागत नाही.”

अभिरामला मुंबईची विजेची पेटी आठवली. त्यानं किल्ली उचलली, परत खाली ठेवली, परत उचलली.

“म्हणजे ते काढून टाकता येत नाही.”

“नाही.”

“मग... ते ठेवायचं कुठे?”

मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.

“आत्ता विचारलंस. सकाळपासून वाट बघतोय. तुझा कागद आणलायस का?”

फ्लूटवाल्याचा कागद वेगळा असतो. त्यावर फक्त त्याचे सूर. पेटीवाल्यापुढे जो कागद असतो त्यावर दोघांचे असतात, वर फ्लूट, खाली पेटी. अडीचशे वर्षांपूर्वी छापणाऱ्यांनी ही रीत पाडली आणि ती अजून चालू आहे. पंधरा वर्षं अभिरामनं फक्त स्वतःचा कागद पाहिला होता.

त्यानं तो पेटीवर पसरला.

“यात तुला कुठली घरं लागत नाहीत ते बघ,” मास्तर म्हणाले. “जिथे तू जातच नाहीस, तिथे ठेवून दे.”

अभिराम बोट फिरवत गेला. पांढरी दोन हवी, पांढरी सहा हवी, पांढरी पाच तर पावलोपावली. हे घर नको, तेही नको. सोनाटाचे तिन्ही भाग त्यानं पाहिले.

“काळी चार आणि काळी दोन,” तो म्हणाला. “ही जोडी माझ्याकडे कधीच येत नाही.”

“नक्की?”

“एकदाही नाही.”

“मग काळी दोनपासून निघ.”

तिसऱ्यांदा त्यानं पेटी लावली. अर्धा तास लागला. काळी चार आणि काळी दोन यांच्या मधे विव्हळणं जाऊन बसलं. बाकीची घरं शांत झाली. त्यानं मग ती जोडी दाबून पाहिलीसुद्धा नाही. तिथे कोण जाणार होतं?

बाकीची सप्तकं मास्तरांनीच चटाचट लावून घेतली. मग खांद्यावरची शाल काढून ते पेटीपुढे बसले.

“उचल फ्लूट. संथ भाग.”

“पेटीचा कागद?”

“आहे माझ्याकडे. वृंदा इथूनच नक्कल करून घेऊन गेली होती.”

ते वाजवू लागले.

मास्तरांची बोटं म्हातारी होती, एक-दोन ठिकाणी अडखळली. पण अभिरामच्या हर सुराला खालून असा हात मिळत होता की त्याला फुंकावंच लागत नव्हतं. असा फ्लूट त्याला फक्त एकाच माणसाबरोबर लागत असे. ते त्याला आठवलं.

मग त्याची थांबायची जागा आली.

या संगीतात आवर्तनं नसतात. कागदावर उभ्या रेघांनी पाडलेली मापं असतात. अभिरामच्या कागदावर या ठिकाणी एक जाड आडवी रेघ होती आणि तिच्यावर चारचा आकडा. चार मापं गप्प. त्यानं सवयीप्रमाणे फ्लूट खाली घेतला आणि मनात मोजायला लागला. एक...

मास्तरांचे दोन्ही हात काळ्या पट्ट्यांवर गेले. काळी चार. काळी दोन.

पेटी कडवट झाली.

दोन... तीन... सूर एकमेकांना बोचत होते, वाट चुकल्यासारखे फिरत होते. अभिरामनं मोजणं सोडलं. हाच तो आवाज होता. पंचवीस माणसांपुढे, याच ठिकाणी, हाच.

मास्तर काळ्या पट्ट्यांवरून खाली उतरले आणि त्याच्यासाठी थांबले.

फ्लूट ओठाला लावायला त्याला उशीर झाला. पण सूर आला. त्या कडवटपणातून पांढऱ्या दोनवर आला आणि खोलीत उजेड पडल्यासारखं झालं.

“आहा,” मास्तर म्हणाले. आणि वाजवायचे थांबले.

अभिराम उभाच होता.

“कागद बघू तुमचा,” तो म्हणाला.

मास्तरांनी पान त्याच्याकडे वळवलं. वरच्या ओळीत, त्याच्या नावापुढे, तीच जाड आडवी रेघ. खालच्या ओळींत चार मापं काठोकाठ भरलेली, शाईनं काळीशार.

मग त्यानं आपली वही उघडली. लाल खुणा. सगळ्यांत ठळक दोन... काळी दोन, काळी चार.

“मी तिसऱ्यांदा लावली तशीच...”

“त्याहून बरी,” मास्तर म्हणाले. “तू सगळं एकाच घरात कोंबलंस. तिनं थोडं इकडे, थोडं तिकडे नेऊन ठेवलंय. बहुतेक स्वतःच्या डाव्या हाताखाली. तुझ्या वाटेवर कण नाही ठेवला.”

“दर वेळी?”

“दर सोनाटाला निराळं लावावं लागतं. सा बदलला की तुझी वाट बदलते. कार्यक्रमाच्या आधी दीड-दोन तास ती काय करते असं तुला वाटायचं?”

“मला वाटायचं... तिला जमत नाही, म्हणून वेळ लागतो.”

हे त्यानं आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. आता म्हटलं आणि खाली बसला. सकाळपासून पहिल्यांदाच बसला.

बाहेर झाडांवर कावळे जमले होते. मास्तरांनी मघाचं पीस उचललं, टोक अंगठ्यावर टेकवलं. आता ते हवं तसं झालं होतं.

अभिरामनं विचारलं,

“मी तिला काय सांगू?”

“कशाबद्दल?”

“तिनं तुमचा निकाल मागितलाय. बेसूर की सुरात.”

“बेसूर आहे.”

अभिरामनं दचकून वर पाहिलं.

“काळी चार-काळी दोन बेसूर आहे. तुझ्या वहीत आहे, माझ्या पेटीत आहे. मी खोटं कसं सांगू? लिहून देऊ?”

“नको.”

“ती विचारेल.”

“नको, मास्तर. मी पंचवीस माणसांना शोधून काढतो.”

“दोघंतिघं नाही भेटणार.”

“त्यांच्या घरी जाईन.”

मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी तासलेलं पीस कागदात गुंडाळलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“वृंदाला दे. तिचं एक झिजलं असेल.”

अभिरामनं ती पुडी वहीत ठेवली, लाल खुणांच्या पानात. पाच वाजून गेले होते. तो मास्तरांच्या पाया पडला, दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला.

“मास्तर... पंधरा वर्षं. एकदा तरी तिनं मला हे सांगायचं ना.”

मास्तर पेटीचं झाकण पुसत होते.

“सांगायची की,” ते म्हणाले. “दर वेळी. चार मापं.”